मला की मले

नागपूर, १२ जुलै २०२४

प्रिय बायजा,

स. न.

परवा अंकुशला फोन केला होता. तो म्हणाला, आईला आता कानाचं मशीन लावूनही फोनवरचं कळत नाही, समोर बसून बोललं तरच कळतं. आपण दोघींनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारच्या खुर्च्यांवर बसून जन्म काढला आणि आता तुला फोन करायची सोय राहिली नाही. मोबाइलवर बोटं चालवायचा तुला कंटाळा, मलाही. म्हणून पत्र लिहायला बसले आहे.

इकडची बातमी म्हणजे मी शाळेत जायला लागले. लकडगंजच्या मागच्या बाजूला एक शाळा आहे. ज्या लहान मुलांना अजून वाचता येत नाही त्यांच्याबरोबर रोज थोडा वेळ बसून वाचायचं, असं काम. प्रीती नावाची एक तरुण मुलगी हे सगळं बघते. सुमंतची नूपुर कॉलेजसाठी पुण्याला गेल्यापासून घर फारच शांत झालंय, म्हणून सुमंतच म्हणाला, आई, तू जा.

माझ्या वाट्याला चार मुलं आली आहेत. तिघांचं सरळ आहे. अक्षरं येत नाहीत, शिकवली की येतात, सोमवारपर्यंत विसरतात. चौथी उन्नती, तिसरीतली. तिचं मला काही कळेनासं झालंय.

पुस्तकात शिंपी आणि बकरीची गोष्ट आहे. बकरी दुकानात शिरून नवाकोरा सदरा खाते. शिंपी विचारतो, "तू माझा सदरा का खाल्लास?" बकरी म्हणते, "मला भूक लागली होती." उन्नती त्या ओळीखाली बोट ठेवते आणि वाचते, "तू माहा सदरा काहून खाल्ला? मले भूक लागली होती." कुठे अडखळत नाही. बोट बरोबर त्या त्या शब्दाखाली. मी म्हटलं, नीट बघ, काय लिहिलंय? तिने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं आणि पुन्हा "मले" म्हणाली. सुटं वाच म्हटलं तर "म" सांगते, "ला" सांगते. जोड म्हटलं की "मले".

आता हिला वाचता येतं की नाही? कोणाचं तरी ऐकून पाठ केलंय म्हणावं, तर नवीन पानावरही तेच. तिचे वर्गशिक्षक सुशील सर म्हणतात, छापलंय ते वाचत नाही म्हणजे वाचता येत नाही. मी सध्या प्रत्येक शब्दाला थांबवते आणि सुधारते. पण मनाला पटत नाही. तू मौद्याची, तुझ्या कानांवरून ही बोली गेलेली. तुला काय वाटतं?

तुझी,
यमुना

•

मौदा, २२ जुलै २०२४

यमुताई,

स. न.

पत्र मिळालं. इथे सर्व ठीक आहे. अंकुश विजेच्या प्लँटवर शिफ्टला जातो, मी दुपारी वाळलेले कपडे झटकून आत घेते, त्यावर बारीक राख असते. बाकी नवीन काही नाही.

मुलीला सुधारावं. पुस्तकात जे आहे ते वाचायचं, यात एवढा विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. शाळा त्यासाठीच असते.

तुझा गुडघा आता कसा आहे? जिने चढू नकोस.

बायजा

•

नागपूर, ९ ऑगस्ट २०२४

प्रिय बायजा,

तू म्हणालीस तसं सुधारत राहिले आणि पंचाईत झाली. उन्नतीने वाचणंच बंद केलं. पुस्तक उघडलं की पोट दुखतं म्हणायची. नाहीतर बोट ओळीखाली ठेवून नुसती बसायची, ओठ मिटून. मी म्हणे, बाळ, वाच ना. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, जणू शब्द पुस्तकात नसून माझ्या तोंडात आहे.

प्रीतीला विचारलं. ती म्हणाली, ताई, आधी मूल मोकळं झालं पाहिजे, टोकू नका. हे मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी उन्नतीला म्हटलं, तुला वाटेल तसं वाच, मी काही बोलणार नाही. तिने एकदा खात्री करून घेतली आणि मग सुटलीच. सगळी गोष्ट वाचून काढली, शिंप्याचा आवाज वेगळा, बकरीचा वेगळा. "काहून खाल्ला वं तू?" असा तो शिंपी तिने केला, पुस्तकात नसलेला "वं" घालून. बाकीची तिन्ही मुलं वाचायचं सोडून ऐकत बसली. फार गोड वाचते गं. घरी येऊन मी सुमंतला तिची नक्कल करून दाखवली, आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मला तर वाटतं, उगाच मी इतके दिवस त्या गोड बोलीवर लाल रेघा ओढत होते. तू पण घरी अशीच बोलत असशील ना? इतक्या वर्षांत मी तुला तसं बोलताना ऐकलंच नाही.

गुडघा आहे तसाच आहे.

तुझी,
यमुना

•

मौदा, १६ ऑगस्ट २०२४

यमुताई,

स. न.

तुझ्या पत्रात गोड हा शब्द पुन्हा पुन्हा आला आहे. मला त्याविषयी लिहायचं आहे.

नूपुर लहान असताना पुस्तक समोर धरून तिच्या मनाचं काहीतरी वाचत बसली असती, तर तू गोड म्हणून सोडून दिलं असतंस का? तू तिला शुद्धलेखनासाठी उन्हाळ्याच्या सुटीतही बसवायचीस, मी पाहिलं आहे. मग या मुलीला वेगळा नियम का? ती कोणाच्या करमणुकीसाठी शाळेत येत नाही.

मी एक्स्चेंजमध्ये लागले त्या आठवड्यातली गोष्ट आहे. ट्रंक कॉल बुक करायला मुंबईच्या एका माणसाने लाइन घेतली. मी विचारलं, "तुमाले कोनता नंबर पाहिजे?" तो म्हणाला, "बाई, जिला बोलता येतं अशा कोणाला तरी द्या." मी लाइन तुला दिली. तू त्याच्याशी बोललीस, नंबर घेतलास, कॉल लागला. तुला ते आठवत नसणार. तुझ्यासाठी तो दिवसभरातला एक कॉल होता.

मग मी तुझ्या शेजारी बसून तुझं बोलणं उचललं. तू "आपला" कसं म्हणतेस, तुझा "ण", तुझा "ळ". घरी आरशासमोर उभी राहून म्हणत असे. मला कोणी गोड म्हणून तशीच ठेवली असती, तर मी त्या खुर्चीवर टिकले नसते.

ती मुलगी उद्या कुठे मुलाखतीला जाईल आणि "मले" म्हणेल, तेव्हा समोरची माणसं तिला गोड म्हणणार नाहीत. तिला शिकव. ते करायचं नसेल, तर शाळेत जाऊ नकोस.

बायजा

•

नागपूर, ६ सप्टेंबर २०२४

प्रिय बायजा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तो कॉल मला खरंच आठवत नाही. आठवायचा प्रयत्न केला, पण नुसते दिवे लुकलुकणारे ते बोर्डच डोळ्यांपुढे आले. तू माझं बोलणं ऐकत होतीस हेही मला कधी जाणवलं नाही. मी समजत होते, तू मुळातच कमी बोलतेस.

मी पुन्हा सुधारायला सुरुवात केली. पण या वेळी आधी उन्नतीला सांगितलं, की तू वाचतेस ते चूक नाही, पण पुस्तकातलं तसंच वाचायची सवय लागली पाहिजे. तिने मान डोलावली. आणि काय सांगू, भराभर शिकली. "मले"चं "मला" झालं, "काहून"चं "का" झालं. आठ-दहा दिवसांत तर माझ्याआधी तीच स्वतःला थांबवायला लागली. मला वाटलं, चला, झालं एकदाचं. बायजाचंच बरोबर होतं.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आई नंदिनी शाळेत आली. ती मिरचीच्या बाजारात देठ तोडायच्या कामाला जाते. कामावरूनच आली होती, तिच्या पदराचा ठसका मला बसला. मी समजले, आभार मानायला आली आहे. ती दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पोट्टी घरी आमाले सुधारते."

मी हसले. ती हसली नाही. तिने सांगितलं ते असं, की घरात तिची सासू आहे, उन्नतीची आजी. उन्नती तिच्याच कुशीत झोपते, तिच्याच गोष्टी ऐकत मोठी झाली. आता आजीने तोंड उघडलं की उन्नती मधेच अडवते. आजी, "मले" नाही, "मला" म्हण. आजी, "पानी" नाही, "पाणी". पहिल्यांदा आजीला कौतुक वाटलं, नात मास्तरीण झाली म्हणून. पोळ्याच्या दिवशी उन्नतीचा लाकडी बैल सजवताना आजी काहीतरी सांगत होती, उन्नतीने शेजारणीसमोर तिला टोकलं. तेव्हापासून आजी नातीसमोर बोलतच नाही. काही हवं असलं तर हाताने दाखवते.

मी नंदिनीला म्हटलं, मी उन्नतीला समजावते. ती म्हणाली, "मी तक्रार नाही करून राहिली मॅडम. शिकून राहिली हे चांगलंच हाय. मले कोनी शिकवलं असतं तर मी मिरच्या काहून तोडल्या असत्या? पन घरात आता गप गप वाटते." आणि कामाला उशीर होतो म्हणून निघून गेली.

बायजा, टोकलं नाही तर तू म्हणतेस ते होतं. टोकलं तर हे होतं. मी आता नेमकं काय करू? तू रागावली असशील तरी लिही.

तुझी,
यमुना

•

नागपूर, २५ सप्टेंबर २०२४

प्रिय बायजा,

तुझं उत्तर नाही. काल अंकुशला फोन केला. तो म्हणाला, आईची तब्येत चांगली आहे, कागद घेऊन बसते आणि तसाच ठेवून देते. मी काही वावगं लिहिलं का? शोधून पाहिलं, मला सापडत नाही. तरी लिहिते, कारण सांगायला दुसरं कोणी नाही.

सोमवारी मुलांची वाचनाची तपासणी झाली. प्रीती टॅब घेऊन आली होती. एकेका मुलाला समोर बसवायचं, एक उतारा वाचायला द्यायचा, मग गोष्टीत काय झालं ते विचारायचं, आणि टॅबवर खूण करायची. आपल्या मुलांना आपणच तपासायचं नाही, म्हणून मी बाजूला बसले होते.

उन्नतीला नवीन उतारा होता. एका मुलाची चप्पल तळ्यात पडते आणि बदक ती ओढत आणतं, असा. उन्नतीने सगळा वाचला. "मला" आलं तिथे थांबली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि बरोबर "मला" म्हणाली. एकही चूक नाही. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

मग प्रीतीने विचारलं, "छान. आता सांग बरं, काय झालं या गोष्टीत? तुझ्या शब्दांत सांग."

उन्नती गप्प. प्रीतीने पुन्हा विचारलं. चप्पल कोणाची होती? बदकाने काय केलं? उन्नतीने फ्रॉकची कड मुठीत धरली आणि माझ्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले, शब्द सुरू व्हायच्या आधीच थांबले. मला बोलायची परवानगी नव्हती. बराच वेळ वाट बघून प्रीतीने खूण केली. मी नंतर पाहिलं. तिथे आलं होतं: वाचते, पण अर्थ समजत नाही.

ऑगस्टमध्ये ही मुलगी बकरीचा आवाज काढून गोष्ट सांगत होती, तेव्हा सगळे म्हणत होते, हिला वाचता येत नाही. आता वाचते, तर म्हणतात, हिला समजत नाही. सुशील सर म्हणाले, पाठांतर असेल, अशा मुलांचं असंच असतं. प्रीती म्हणाली, ताई, मन लहान करू नका. मी घरी आले आणि सुमंत विचारत होता तरी जेवले नाही. मी त्या मुलीचं काय केलं, भलं केलं की वाटोळं, हे मला सांगता येत नाही.

लिही गं काहीतरी. एक ओळ लिही.

तुझी,
यमुना

•

मौदा, ३० सप्टेंबर २०२४

यमू,

जय भीम.

कशी हाय वं? मी आजारी नाई, रागात बी नाई. तुह्यं ते पोट्टीच्या बुढ्या आजीचं पत्र आलं अन् मले उत्तर लिवताच येईना. तुले लिवाची जी भाषा हाय ते हातातच येत नोती. कागद घेऊ अन् ठेवून देऊ. अंकुश म्हने, आई, काय लिवायचं ते मले सांग, मी लिवतो. त्याले काय सांगू? म्हनून आज जशी घरी बोलते तशीच लिवून राहिली. पयल्यांदाच.

माही माय बी तशीच गप झाली होती. मी एक्स्चेंजमधून सुट्टीले मौद्याले येऊ तवा तिथली भाषा तोंडात तशीच राहे. मी मायले टोकलं नाई कधी, देवाशप्पथ म्हनत नाई, पन खरं सांगते. तरी ती मले "तुमी" म्हनायले लागली. "तुमी कवा आल्या, तुमी जेवता का." मले वाटलं गंमत करून राहिली. मंग समजलं का गंमत नोती. घरी कोनी सायबीन आली असं तिले वाटे. मरेपरेंत ती मले तुमीच म्हने. मी कधी इचारलं नाई, काहून माय? तिनं बी सांगतलं नाई. हे मी अंकुशच्या बापाजवळ बी बोलली नाई कधी.

आता मी तुले काय सांगू? टोक म्हनलं ते चुकलं असं मी म्हनत नाई. त्या भाषेनं मले खुर्ची देली, माहं घर उभं केलं. टोकू नको असं बी म्हनता येत नाई. माह्या डोक्यात बी गुंता हाय.

पन एक गोष्ट मले पक्की माहीत हाय. त्या पोट्टीले समजते. समजते म्हनूनच ते गप बसली. "तुह्या शब्दात सांग" म्हनलं ना त्या मॅडमनं? तिचे शब्द तर तू घेतले, अन् तुह्ये अजून तिच्या तोंडात बसले नाई. मंग तिनं कोनते सांगाचे? मी त्या मानसाले लाइनवर काही बोलली नाई, ते काय मले बोलता येत नोतं म्हनून?

बुढीले शाळेत बोलाव. तिले कोनी कधी बोलावलं नसन.

बायजा

•

नागपूर, ९ ऑक्टोबर २०२४

प्रिय बायजा,

तुझं पत्र वाचलं. तुला तुझ्याच बोलीत उत्तर द्यावं म्हणून बसले, चार ओळी लिहिल्या आणि फाडून टाकल्या. वाचून बघितलं तर नक्कल वाटत होती, सुमंतला करून दाखवली होती तशी. म्हणून मला येतं तसंच लिहिते.

आजीला बोलावलं. नंदिनीच्या हाती निरोप दिला तर पहिल्या दिवशी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या, धुतलेलं लुगडं नेसून, आणि व्हरांड्याच्या अगदी कडेला, पायरीवर बसल्या. वर या म्हटलं तर मान हलवली. पदर तोंडावर. मी उन्नतीला म्हटलं, आज आजीला वाचून दाखव. तिने शिंप्याचीच गोष्ट काढली. पुस्तकातल्यासारखी वाचली, शब्दाला शब्द, जरा घाबरत. "मला भूक लागली होती."

आजींनी पदर खाली केला आणि नातीला विचारलं, "काय म्हनते ते बकरी?"

उन्नतीने माझ्याकडे बघितलं. मी खाली वाकून शेजारच्या मुलाच्या पाटीत डोकं घातलं. थोड्या वेळाने ऐकू आलं, "म्हनते, मले भूक लागली होती."

मग तसंच सुरू झालं. एक ओळ पुस्तकातली, मग तीच आजीसाठी. मी वर बघितलंच नाही. गोष्ट संपली तेव्हा आजी म्हणाल्या, "पन शिंप्यानं दार उघडं काहून ठेवलं? बकरी तर घुसनच." उन्नती म्हणाली, "तसं नाही लिहिलं, आजी." आजी म्हणाल्या, "पाह्य ना, लिवलं असन. बिनाकारनाचं कोनी दार उघडं ठेवते का?" आणि बायजा, त्या पोरीने पानं मागे उलटवली. बोट ठेवून, मनातल्या मनात वाचत, एकेक ओळ उतरत गेली. आवाज नाही, नुसते ओठ. पहिल्या पानावर थांबली. तिथे आहे, की दुपारी फार उकडत होतं म्हणून शिंप्याने दार उघडं टाकलं. ती ओळ माझ्याही लक्षात नव्हती. "हे पाह्य," ती म्हणाली, "गरमी होत होती त्याले." आजी म्हणाल्या, "हां. मंग बरोबर हाय." आणि त्या वर येऊन सतरंजीवर बसल्या.

सुशील सर दारात उभे होते. त्यांनी पाहिलं. मला म्हणाले, "मॅडम, आता हिच्या शेऱ्यात मी काय लिहू?" मी त्यांच्यासमोरच प्रीतीला फोन केला, तर ती म्हणाली, ताई, मला पटतंय, पण टॅबवरची खूण पुढच्या तपासणीपर्यंत बदलता येत नाही. म्हणजे डिसेंबरपर्यंत उन्नतीला समजत नाही.

सगळं छान झालं असं समजू नकोस. काल आम्ही दोघीच बसलो होतो, आजी नव्हत्या. "मला" यायच्या आधी ती थांबते आणि वर माझ्याकडे बघते. मी मान हलवते. ती कशाला परवानगी मागते आणि मी कशाला देते, हे दोघींनाही ठाऊक नाही. पण आजी आता घरी बोलतात, असं नंदिनीने सांगितलं. उन्नती अजून टोकते. आजी म्हणतात, तुह्या पुस्तकात तसं, माह्या घरात असं. आणि बोलत राहतात.

शनिवारी दसरा आहे. दरवर्षी तू दीक्षाभूमीला येतेस आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातेस. त्या दिवशी मी तुला कधी घरी बोलावलं नाही, आणि तूही कधी विचारलं नाहीस. यंदा गर्दीतून परत जाऊ नकोस. अंकुशला सांग, सुमंत तुला घ्यायला येईल. राहा दोन दिवस. समोर बसलं की तुला ऐकू येतं ना. आपण काय बोलू आणि कसं बोलू, ते मला आत्ता काहीच माहीत नाही. तू मला यमू म्हटलंस, आणि मी ते पत्र घेऊन घरभर फिरते आहे.

तुझी,
यमू